पंपाच्या बिघाडाला गुण देताना ‘खात्री नाही’ हेही लिहा



उन्हाळ्यात आडसाली व पूर्वहंगामी ऊस जोमाने वाढीला लागलेला असतो. अशा वेळी पंप बंद राहिला तर कांड्या आखूड पडतात आणि वजन घटते. म्हणून विहिरीवरच्या पंपाच्या कोणत्या भागाकडे आधी लक्ष द्यावे, हे आताच ठरवलेले बरे.

त्याची एक रीत आहे. अमेरिकन सैन्याने १९४९ साली यंत्रांच्या बिघाडांचा आधीच विचार करण्याची पद्धत लेखी घालून दिली. पुढे कारखान्यांतून तिला गुणांची जोड मिळाली. आपल्याला दोन गुण पुरेत: बिघडल्यास नुकसान किती आणि बिघडण्याची शक्यता किती. दोन्ही १ ते १० मध्ये द्यायचे व गुणाकार करायचा. आकडा मोठा, तिथे आधी हात घालायचा.

पण गोम अशी. फूटव्हॉल्व्ह: नुकसान ३, शक्यता ६, गुणाकार १८. मोटारीचे वाइंडिंग: नुकसान ९, शक्यता २, गुणाकार १८. कागदावर दोन्ही सारखे. फूटव्हॉल्व्ह दरसाल कचऱ्याने अडकतो हे आपण डोळ्यांनी पाहिलेले असते. वाइंडिंगचे ‘२’ कशावरून? “अजून जळाली नाही” एवढ्यावरूनच ना!

आमच्या बेणेमळ्यावर आम्हीही हेच केले. ऐन मे महिन्यात एक फेज गेली, उरलेल्या दोन फेजवर भार चढला आणि मोटार जळाली. सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर नादुरुस्त होता. तो आम्ही कधी तपासलाच नव्हता. मोटार भरून येईपर्यंत बेणे कोरडे राहिले.

म्हणून खात्री नसेल तिथे एकच आकडा लिहू नका. कमीत कमी व जास्तीत जास्त असे दोन लिहा. वाइंडिंगची शक्यता २ ते ७ धरली तर गुणाकार १८ ते ६३ येतो. क्रम लावताना ६३ धरा. दोन आकड्यांत अंतर मोठे दिसले की खर्चाच्या आधी तपासणी करा. वायरमनकडून पुरवठा तोडून मेगरने इन्सुलेशन पाहावे. मग मोटार चालू करून तिन्ही फेजचे अँपिअर टाँगटेस्टरने मोजावेत. प्रिव्हेंटर काम करतो का, तेही बघून घ्यावे. सगळे ठीक निघाले तर ७ चे ३ होतील. दोष निघाला तर उन्हाळ्याआधी कळेल.

तपासणीची तारीख व आकडे पंपघरातल्या वहीत टिपून ठेवा. पुढच्या साली गुण देताना नुसत्या अंदाजावर बसावे लागणार नाही.

— ऊस विकास विभाग