रात्री टिकणारे, दुपारी नाहीसे होणारे क्लोरीन

गुडघ्यांच्या संधिवाताने त्रस्त असलेल्या ज्येष्ठांना मी पाण्यात चालण्याचा व्यायाम आवर्जून सुचवतो. छातीइतक्या पाण्यात शरीराचा बराचसा भार पाणीच पेलते आणि जमिनीवर कुरकुरणारे गुडघे तेथे निमूटपणे हलतात. मात्र हा सल्ला देताना एक प्रश्न विचारायचा माझ्याकडून राहून गेला होता.

गेल्या ऑक्टोबरमध्ये सत्तरी ओलांडलेले एक निवृत्त शिक्षक मुलासह दवाखान्यात आले. कमरेवर व मांड्यांवर, पोहण्याचा पोशाख अंगाला चिकटतो नेमक्या त्याच भागात, लाल पुरळ उठले होते. त्यांना मधुमेहही आहे. मुलाच्या लोणावळ्यातील बंगल्याच्या तलावात ते आठवडाभर व्यायाम करीत होते. "पाण्यात क्लोरीन किती असते?" मी विचारले. मुलगा म्हणाला, "डॉक्टर, आमचा तलाव मिठाच्या पाण्याचा आहे. त्यात क्लोरीन नसते."

हा समज फार सार्वत्रिक आहे आणि चुकीचा आहे. अशा तलावात समुद्राच्या साधारण एक दशांश इतकेच मीठ असते. तेवढ्याने जंतू मरत नाहीत. यंत्र विजेच्या साहाय्याने त्या मिठापासून क्लोरीन तयार करते आणि ते क्लोरीनच पाणी निर्जंतुक ठेवते.

मुलाने त्याच दिवशी दुपारी पाणी तपासले. मोकळे क्लोरीन शून्य! यंत्र चालू, मिठाचे प्रमाण योग्य, पाणी नितळ. यंत्राची क्षमता पूर्ण वाढवली, तरी दुसऱ्या दुपारी पुन्हा शून्यच.

रुग्णाचा ताप कोणत्या वेळी चढतो, हे पाहून आम्ही निदानाकडे वळतो. येथेही तेच केले. सूर्यास्तानंतर द्रवरूप क्लोरीन घालून, पंप तासभर चालवून मोजणी केली : ३ पीपीएम. यंत्र रात्रभर बंद ठेवले, कोणी पाण्यात उतरले नाही. पहाटे, ऊन येण्यापूर्वी पुन्हा मोजले, तर आकडा जवळजवळ तोच! म्हणजे क्लोरीन पाण्यातील घाणीने खाल्ले नव्हते. ते उन्हाने नेले होते.

उघड्यावरील तलावात क्लोरीनला उन्हापासून वाचवण्यासाठी सायन्युरिक अॅसिड घालतात. तलावाची देखभाल करणारे त्याला 'स्टॅबिलायझर' म्हणतात. ते नसेल तर कडक ऊन दोन-तीन तासांत बहुतेक क्लोरीन नष्ट करते. लोणावळ्याच्या पावसात तलाव कितीदा तरी भरून वाहिला होता. वाहून गेलेले मीठ मुलाने पुन्हा घातले. स्टॅबिलायझरही वाहून गेले आहे, हे मात्र ध्यानात आले नाही. पुढे ऑक्टोबरच्या उन्हाने आपले काम केले.

आपल्याकडे असे घडल्यास ही रात्रीची परीक्षा अवश्य करावी. रात्रीतून १ पीपीएमपेक्षा अधिक घट झाली, तर शेवाळ, पालापाचोळा, घाम किंवा लघवी यांचा संशय घ्यावा. रात्रभर यंत्र चालवूनही क्लोरीन वाढत नसेल, तर यंत्राच्या पट्ट्यांवर क्षार साचले आहेत का, ते पाहावे. कधी कधी क्लोरीन अतिशय जास्त असल्यानेही तपासणीचा रंग उडून खोटे शून्य दिसते. म्हणून आणखी क्लोरीन ओतण्यापूर्वी नमुना साध्या बाटलीबंद पाण्याने पातळ करून पुन्हा तपासावा. स्टॅबिलायझर मोजून, यंत्राच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रमाणातच घालावे. ते अति झाले तर क्लोरीनचा प्रभाव मंदावतो. दोन रसायने एकमेकांत कधीही मिसळू नयेत, त्यातून विषारी वायू निघू शकतो.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी नियम सोपा आहे. ज्येष्ठांनी पाण्यात उतरण्यापूर्वी मोकळे क्लोरीन किमान १ पीपीएम, स्टॅबिलायझर वापरत असल्यास किमान २ पीपीएम, आणि पीएच ७.० ते ७.८ असावा. पाण्याच्या नितळपणावर भिस्त ठेवू नये. जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. क्लोरीनचा उग्र वास म्हणजे भरपूर क्लोरीन, हाही गैरसमज होय. घाम व लघवीशी संयोग झालेले क्लोरीन तसे दरवळते आणि डोळे चुरचुरवते. मधुमेही व्यक्तीच्या पायावर जखम असेल, तर ती भरेपर्यंत पाण्यात उतरू नये.

अशुद्ध पाण्यातील जंतूंमुळे केसांच्या मुळांशी उठणारे असे पुरळ निरोगी माणसात बहुधा काही दिवसांत आपोआप ओसरते. परंतु मधुमेह असल्यास, ताप आल्यास, गळू झाल्यास किंवा कान दुखू लागल्यास डॉक्टरांना दाखवण्यात दिरंगाई नको.

शिक्षकांचे पुरळ बरे झाले आणि गुडघ्यांचा व्यायामही पुन्हा सुरू झाला. आता तलावाकाठी एक वही असते. हजेरीपत्रक भरावे तसे ते रोज क्लोरीन आणि पीएच नोंदवतात आणि मगच पायरी उतरतात. मीही पाण्यातील व्यायाम सांगताना आता आधी पाण्याची चौकशी करतो.