घर आपलं, पोटमाळा त्यांचा

मार्क रसिनोविच हा अमेरिकेतला विंडोजचा जाणकार. संगणकात दडून बसणारे प्रोग्रॅम, म्हणजे रूटकिट, हुडकणारं एक साधन त्याने तयार केलं होतं. ऑक्टोबर २००५ मध्ये ते स्वतःच्याच संगणकावर चालवून पाहिलं, तर रूटकिट तिथेच निघालं. हवालदाराच्याच माळ्यावर चोर! माग काढत तो पोचला एका गाण्यांच्या सीडीपाशी. सीडी व्हॅन झँट बंधूंची, सोनी बीएमजीने काढलेली आणि रीतसर पैसे मोजून घेतलेली.

सीडीच्या तीनपेक्षा जास्त नकला होऊ नयेत, म्हणून कंपनीने ‘एक्ससीपी’ नावाचं सॉफ्टवेअर सीडीतच घातलं होतं. ते कोणी काढू नये म्हणून लपवलं होतं. कसं, तर विंडोजमधला प्रोग्रॅम ‘या फोल्डरात काय काय आहे’ असं सहसा थेट डिस्कला विचारत नाही, कर्नलला, म्हणजे विंडोजच्या गाभ्याला, विचारतो. कोणता प्रश्न कोणाकडे जायचा याचा एक तक्ता कर्नलपाशी असतो. एक्ससीपीने त्या तक्त्यातल्या नोंदी बदलून मध्ये आपला माणूस बसवला. तलाठ्याने सातबाऱ्यावरची एक ओळ झाकून नक्कल द्यावी, तसं उत्तर मिळू लागलं. नावाच्या सुरुवातीला डॉलर, मग ‘सिस’, मग पुन्हा डॉलर असेल, तर ती फाइल यादीतून गायब. रसिनोविचने साध्या नोटपॅडची नक्कल करून तिला हे नाव दिलं आणि नोटपॅड डोळ्यांदेखत नाहीसं झालं!

खरी गोम इथे आहे. लपायला मिळतंय म्हटल्यावर दुसरेही आले. नोव्हेंबरातच त्याच आडोशाला बसणारे ट्रोजन, म्हणजे सभ्य वेशातले घातक प्रोग्रॅम, सापडले. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ खेळात लबाडी करणाऱ्यांनीही आपली अवजारं तिथेच ठेवली. बरं, हाताने काढायला जावं तर सीडी ड्राइव्हच बंद पडे. आणि कंपनीने ओरड झाल्यावर दिलेल्या काढण्याच्या साधनानेच संगणकाला नवं भगदाड पाडलं. हे प्रिन्स्टन विद्यापीठातल्या एडवर्ड फेल्टन आणि अ‍ॅलेक्स हॉल्डरमन यांनी दाखवून दिलं. सोनीला सीडी परत मागवाव्या लागल्या, टेक्सस राज्याने कोर्टात खेचलं.

मग कर्नलमध्ये शिरणारं ते सगळं पाजी म्हणायचं का? माझ्या मते नाही. त्या काळी कित्येक अँटिव्हायरसही याच तक्त्यात हात घालत. कुलूप उघडायची विद्या किल्लीवाल्यालाही येते. मी पाहतो ते एवढंच, की लपवाछपवी कोणापासून चालली आहे. व्हायरसपासून असेल तर ठीक. घरमालकापासून असेल, तर करणाऱ्याकडे दुकानाचा परवाना आहे की नाही याने काय फरक पडतो? सीडीच्या करारात छोटंसं सॉफ्टवेअर बसेल असं लिहिलं होतं. ते दडून बसेल, हे नव्हतं. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ सुद्धा सुरुवातीलाच मालकाची किंवा ताबेदाराची परवानगी विचारतं.

हेतू चांगला असूनही पाय घसरतो, तो असा: नॉर्टनच्या एका सॉफ्टवेअरमध्ये चुकून पुसलेल्या फाइली जपणारा फोल्डर विंडोजपासून लपवलेला होता. जानेवारी २००६ मध्ये नॉर्टन बनवणाऱ्या सिमँटेकने तो उघड दिसेल अशी दुरुस्ती दिली. निमूटपणे चूक सुधारली, हे बरं केलं.

आज ‘व्हॅलोरंट’ खेळातली लबाडी रोखणारं व्हॅनगार्ड संगणक सुरू होतानाच कर्नलमध्ये जाऊन बसतं. पण ते तसं सांगतं, खाली त्याचं चिन्ह दिसतं, काढून टाकता येतं. मला ते खटकतं, तरी पाजी म्हणवत नाही. ‘गेनशिन इम्पॅक्ट’च्या लबाडीविरोधी ड्रायव्हरची, म्हणजे कर्नलमध्ये चालणाऱ्या प्रोग्रॅमची, गोष्ट मात्र अवघड आहे. त्यावर डिजिटल सही अस्सल होती. २०२२ मध्ये खंडणीखोरांनी तोच ड्रायव्हर बरोबर आणला आणि त्याच्या जोरावर अँटिव्हायरस बंद पाडला. त्यासाठी संगणकावर तो खेळ असण्याचीही गरज नव्हती. विंडोजने सही पाहिली आणि दार उघडलं.