आपलीच चरबी, म्हणून निर्धास्त?

पोटावरची नकोशी चरबी काढायची आणि गालात, स्तनात नाहीतर नितंबांत भरायची, ही कल्पना कुणालाही चटकन पटते. चरबी आपलीच, त्यामुळे शरीर ती परकी म्हणून नाकारत नाही, हे खरं आहे. कल्पना जुनीही आहे. १८९३ मध्ये जर्मन सर्जन गुस्ताव न्यूबर यांनी दंडातली चरबी वापरून चेहऱ्यावरचा खोल गेलेला व्रण भरला होता. आजची पद्धत मात्र न्यूयॉर्कच्या डॉ. सिडनी कोलमन यांनी १९९०च्या दशकात रुळवली.

पोटात किंवा मांडीत भुलीचं औषध मिसळलेलं सलाइन टोचतात आणि बोथट टोकाच्या पोकळ नळीने, म्हणजे कॅन्युलाने, चरबी ओढून घेतात. सिरिंज थोडा वेळ उभी ठेवली की आत तीन थर पडतात. वर फुटलेल्या पेशींचं तेल, तळाशी रक्ताळलेलं पाणी आणि मध्ये पिवळीधमक चरबी. कामाची ती मधलीच. ती नव्या जागी थेंबाथेंबाने, नळी मागे घेत घेत सोडायची असते.

इतका नाजूकपणा कशासाठी? नव्या जागी आलेल्या चरबीला सुरुवातीचे काही दिवस स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. शेजारच्या पेशींकडून झिरपणाऱ्या प्राणवायूवर ती तगते आणि तो जेमतेम एक-दोन मिलिमीटर आत पोचतो. एकाच जागी मोठा गोळा सोडला तर त्याचा गाभा मरतो. मग तिथे तेलाची गाठ धरते, कधी कॅल्शियम साचतं. स्तनात अशी गाठ हाताला लागली की बाईच्या पोटात गोळा येतो, आणि बायोप्सीची वेळ येऊ शकते. कॅन्सर ओळखण्यात यामुळे घोटाळा होईल या धास्तीने अमेरिकेतल्या प्लास्टिक सर्जनांच्या संघटनेने १९८७ मध्ये स्तनात चरबी भरण्याला विरोध केला होता. २००९ मध्ये तिने तो सौम्य केला. तरी मॅमोग्राफीच्या वेळी हे ऑपरेशन झाल्याचं आवर्जून सांगावं.

भरलेल्या चरबीपैकी बराच भाग पहिल्या काही महिन्यांत विरून जातो. किती टिकेल याची हमी कुणीच देऊ शकत नाही. देणाऱ्यापासून चार हात लांबच राहावं. उरलेली चरबी तुमचं वजन वाढलं की फुगते, मग ती गालात का असेना. जंतुसंसर्ग, उंचसखलपणा, दोन्ही बाजूंत फरक हे त्रास तसे किरकोळ.

गंभीर धोका रक्तवाहिनीत शिरलेल्या चरबीचा. भुवयांच्या मधल्या भागातल्या धमन्या डोळ्याच्या धमनीशी जोडलेल्या असतात. तिथे जोराने टोचलेली चरबी उलट्या दिशेने सरकून डोळ्यातला पडदा निकामी करू शकते, कधी मेंदूपर्यंतही जाते. हायलुरोनिक अॅसिडचं फिलर विरघळवायला निदान एक इंजेक्शन असतं. चरबीला तसा उतारा नाही.

नितंबांच्या बाबतीत तर जीवच जाऊ शकतो. ‘ब्राझिलियन बट लिफ्ट’ या ऑपरेशनमध्ये शेकडो मिलिलिटर चरबी भरतात. नितंबांच्या स्नायूंखाली मोठ्या, पण पातळ भिंतींच्या शिरा असतात. नळी खोल जाऊन त्यातली एखादी फाटली की चरबी थेट हृदयात आणि तिथून फुप्फुसांत जाते. रुग्ण कधी टेबलावरच दगावतो. २०१७ साली एका अमेरिकी अभ्यासगटाने मृत्यूचं प्रमाण सुमारे ३,०००त एक इतकं मांडलं. हौसेच्या ऑपरेशनसाठी हे फारच झालं. शवविच्छेदनांत चरबी स्नायूत सापडली होती, म्हणून सूचनाही साधीच निघाली: चरबी फक्त त्वचेखाली, स्नायूत कधीच नाही.

फ्लोरिडाने २०१९ मध्ये तसा नियमच केला. तरी दक्षिण फ्लोरिडात मृत्यू थांबले नाहीत. २०१० ते २०२२ या काळातल्या २५ मृत्यूंचा अभ्यास झाला, तेव्हा त्यातले बहुतेक एकामागून एक ऑपरेशन उरकणाऱ्या स्वस्त क्लिनिकांतले निघाले. स्नायू कुठे सुरू होतो हे हाताच्या अंदाजाने कळतं, हा सर्जनांचा विश्वासच तिथे नडला असावा. २०२२ मध्ये मग चरबी सोडताना अल्ट्रासाउंड सक्तीचा झाला, आणि एका सर्जनने दिवसाला तीनच अशी ऑपरेशनं करायची, अशी मर्यादाही आली. माझ्या मते दुसरा नियम पहिल्याइतकाच मोलाचा आहे, कारण दमलेल्या हाताला खोलीचं भान राहत नाही.

आपल्याकडे असं काही करून घ्यायचं मनात असेल तर पॅकेजची किंमत नंतर विचारा. आधी डॉक्टरांकडे प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा डीएनबी पदवी आहे का, भूलतज्ज्ञ पूर्ण वेळ हजर राहणार का, अतिदक्षता विभाग त्याच इमारतीत आहे का, ते विचारा. नितंबांचं ऑपरेशन असेल तर चरबी सोडताना अल्ट्रासाउंड लावणार का, हेही विचारा. उत्तर देताना कुणी टाळाटाळ केली, तर उठून घरी या.