गेमची गती, पडद्याची गती आणि पोरांचे डोळे

वस्तीत आरोग्य तपासणीला गेलो की हल्ली आया एक तक्रार हमखास सांगतात : पोरगा गेम खेळून उठला की डोकं धरून बसतो. चष्मा लागला असेल का? डोळे तपासायलाच हवेत. पण त्याचबरोबर आम्ही पोरालाही विचारतो, "खेळताना चित्र फाटल्यासारखं दिसतं का? हिसके बसतात का?"

यामागचं कारण समजून घेऊ. पडदा दर सेकंदाला ठरावीक वेळा चित्र दाखवतो. तो त्याचा रिफ्रेश रेट, हर्ट्झमध्ये मोजतात. साधा मॉनिटर ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० वेळा. कॉम्प्युटर सेकंदाला गेमची किती चित्रं तयार करतो, तो फ्रेम रेट. कॉम्प्युटरने ९० चित्रं पाठवली आणि पडदा ६० वरच असला, तर वर एक चित्र, खाली दुसरं, मध्ये आडवी चीर. उलट ४० च आली, तर काही चित्रं एकदा आणि काही दोनदा दिसतात. खेळ अडखळतो. अशा चित्राने काहींचे डोळे थकतात, डोकं जड होतं, मळमळतं.

यावर लगेच नवा मॉनिटर घ्यायची गरज नाही. आधी हे करून बघा :

१. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टीम, डिस्प्ले, मग अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले उघडा. १४४ हर्ट्झचा मॉनिटरही कधी कधी ६० वरच लावलेला असतो.

२. गेममध्ये फ्रेम रेटला मर्यादा घाला. कॉम्प्युटर ६० पेलत असेल तर ६०, नाहीतर ३०. सतत ३५ ते ५५ मध्ये उड्या मारण्यापेक्षा स्थिर ३० बरे. कॉम्प्युटरही कमी तापतो.

३. चीर दिसत असेल तर व्ही-सिंक चालू करा. बटण दाबल्याचा परिणाम किंचित उशिरा दिसेल, एवढंच. फ्रीसिंक किंवा जी-सिंकची सोय असेल, तर पडदाच गेमच्या गतीने चालतो.

पण गती जुळली म्हणून रात्रभर खेळायची मोकळीक मिळत नाही. पडद्याकडे बघताना पापण्या कमी लवतात, डोळे कोरडे पडतात. दर २० मिनिटांनी २० सेकंद, २० फूट लांब बघावं. आपल्या एका खोलीत २० फूट कुठून आणायचे? दारात उभं राहून गल्लीच्या टोकाकडे बघा. खोलीतला दिवा चालू ठेवा. पडदा हातभर लांब असू द्या.

एक गोष्ट मात्र वेगळी आणि गंभीर. झपझप उघडमीट करणाऱ्या प्रकाशाने काही मुलांना फिट येते. १९९७ साली जपानमध्ये टीव्हीवरच्या पोकेमॉनच्या एका भागातल्या लाल-निळ्या झगमगाटाने शेकडो मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं होतं. हा धोका फ्रेम रेट जुळवून टळत नाही. फिट आली तर पोराला कुशीवर वळवा, आजूबाजूच्या टणक वस्तू हलवा, घड्याळ बघा. तोंडात चमचा घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, अंगाऱ्यात वेळ घालवू नका. पहिलीच फिट असेल किंवा पाच मिनिटांत थांबली नाही, तर १०८ ला फोन करा.

डोकेदुखी आठवडाभर राहिली, तर सरकारी दवाखान्यात डोळे तपासून घ्या. पोरावर ओरडण्याआधी एकदा त्याच्या शेजारी बसा आणि पडदा बघा.