कोंबड्यांची ‘देवी’ डासांमुळे येते, कोपामुळे नाही

पावसाळ्यात आणि त्यानंतर वस्तीतल्या कोंबड्यांच्या तुऱ्यावर, डोळ्यांभोवती, चोचीखालच्या लोंबत्या कातड्यावर फोड येतात. पुढे त्यांच्या काळपट खपल्या होतात. या रोगाला ‘देवी’ म्हणतात. नाव देवीचे, म्हणून कोणी नारळ फोडायला सांगतो, कोणी उतारा टाकायला. वस्त्यांत फिरताना बौद्ध घरांतही आम्हांला हे दिसते.

हा रोग विषाणूचा आहे. डास आजारी कोंबडीला चावतो, विषाणू त्याच्या सोंडेला लागतो आणि पुढच्या कोंबडीला जातो. कोंबड्या एकमेकींना टोचतात, त्या जखमांतूनही तो पसरतो. कबुतरे, चिमण्या यांनाही याच कुळातल्या विषाणूंमुळे देवी येते. कोंबडीची देवी माणसाला मात्र होत नाही.

फोड नुसते कातडीवर असतील तर बहुतेक कोंबड्या ३-४ आठवड्यांत बऱ्या होतात, पण अंडी कमी होतात. डोळे चिकटले तर कोंबडीला दाणा दिसत नाही. घशात पिवळसर पापुद्रे आले तर ती गुदमरून मरते. अंड्यांच्या पैशांवर पोरांच्या वह्या आणणाऱ्या बाईला चार कोंबड्या जाणे परवडत नाही.

या विषाणूवर औषध नाही, लस आहे. ती साधारण ६ ते ८ आठवड्यांच्या पिल्लाला पंखाच्या पातळ पडद्यात टोचतात. मानमोडीची लस वेगळी. ती दिली म्हणून देवी टळत नाही. लसीच्या एका बाटलीत पुष्कळ कोंबड्यांचे डोस असतात आणि ती कालवल्यावर लगेच वापरावी लागते. म्हणून एकेकटे जाऊ नका. विहारात गल्लीतल्या कोंबड्यांची यादी करा आणि मिळून सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जा.

आजारी कोंबडी वेगळी ठेवा. खपल्या ओढू नका; गळालेल्या खपल्यांत विषाणू महिनोन्‌महिने टिकतो, त्या जाळा. मेलेली कोंबडी गटारात न टाकता खोल पुरा. खुराड्याला बारीक जाळी लावा. पाण्याची पिंपे झाका आणि आठवड्यातून एकदा रिकामी करून घासा. डेंग्यूचा डासही त्याच पाण्यात वाढतो, म्हणजे कोंबड्यांबरोबर लेकरेही वाचतील. नळाला रोज पाणी येत नाही म्हणून पिंपे भरावी लागतात, गटारे तुंबतात, हा वस्तीचा दोष नाही. सह्या गोळा करा, पाणी आणि गटारसफाई हक्काने मागा.

माणसाच्या देवीलाही लोक कोपच म्हणत. ती नवसाने गेली नाही. घरोघर लस पोहोचली म्हणून गेली. १९७५ नंतर भारतात तिचा रोगी सापडला नाही आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सारे जग देवीमुक्त जाहीर केले. दुःखाला कारण असते आणि कारण दूर केले की दुःख दूर होते, हीच तथागतांची शिकवण. बाबासाहेबांच्या २२ प्रतिज्ञा आपण विहारात म्हणतो, त्या खुराड्यापाशीही पाळू या.

जय भीम!