दर दोन तासांनी कूस

परांचीवरून घसरलेला बिगारी, लोकलमधून फेकला गेलेला तरुण, विहिरीच्या कामावर दरड अंगावर आलेला मजूर. अशी माणसे आपल्या वस्त्यांना नवीन नाहीत. मणक्याला जबर मार बसतो, कमरेखालचे अंग लुळे पडते. महिना-दोन महिन्यांनी दवाखान्यातून घरी आणतात. शेजारीपाजारी म्हणतात, 'जीव तर वाचला!' पण तो टिकवायचा कसा, हे त्या घराला फार थोडे लोक समजावून सांगतात. वस्तीत काम करताना आम्ही हे वारंवार पाहतो, म्हणून हा लेख.

अशा माणसाचा जीव बहुधा मणक्याच्या दुखापतीने जात नाही. तो जातो पाठीवरच्या जखमेने आणि लघवीच्या संसर्गाने. एकाच अंगावर पडून राहिले की हाडाखालची कातडी दबते, तिथला रक्तपुरवठा तुटतो आणि मांस कुजू लागते. निरोगी माणूस झोपेतही कूस बदलतो. याला मात्र खालचे काही जाणवतच नाही. दुखत नाही, म्हणून कळत नाही.

जर्मनीतून नाझींच्या छळामुळे इंग्लंडला आलेले डॉ. लुडविग गुटमन यांनी १९४४ साली स्टोक मँडेव्हिल येथे मणक्याच्या रुग्णांचा विभाग सुरू केला. त्यापूर्वी असे बहुतेक रुग्ण थोड्याच काळात दगावत. गुटमन यांनी रात्रंदिवस दर दोन तासांनी कूस बदलण्याची शिस्त लावली, लघवीची स्वच्छता काटेकोर ठेवली आणि रुग्णांना खेळायला लावले. माणसे जगू लागली. १९४८ साली तिथेच भरलेल्या स्पर्धेतून पुढे पॅरालिंपिक उभे राहिले. आपल्या महाराष्ट्राचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले. त्यांनी १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्यात भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून दिले.

मग घरात काय करायचे?

१. झोपलेल्याची कूस दर दोन तासांनी बदला. चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्याने दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन बूड उचलावे किंवा पुढे वाकावे. हवेची गादी असली तरी कूस बदलणे चुकवू नका.

२. सकाळ-संध्याकाळ माकडहाड, खुबे, घोटे, टाचा तपासा. रुग्णाला स्वतःला पाहायचे तर आरसा द्या. लाल किंवा काळपट डाग दिसला आणि दाबूनही फिका पडला नाही, तर त्या जागेवर भार देऊ नका. तिथे चोळू नका, हळद-राख लावू नका. कातडी फुटली तर लगेच डॉक्टर गाठा.

३. अंथरूण कोरडे ठेवा, चादरीला सुरकुती नको. गरम पाण्याची पिशवी किंवा शेगडी जवळ नको. चटका बसलेला त्याला कळणार नाही.

४. लघवीच्या नळीला हात लावण्याआधी साबणाने हात धुवा. पिशवी नेहमी कमरेच्या खाली असावी. ताप, थंडी, गढूळ व घाण वासाची लघवी दिसल्यास थांबू नका.

५. मानेचा किंवा छातीच्या वरच्या भागाचा मणका दुखावलेल्याचे डोके अचानक ठणकू लागले आणि घाम फुटला, तर त्याला उठवून बसवा, नळी तुंबली आहे का पाहा आणि ताबडतोब दवाखान्यात न्या. रक्तदाब जीवघेणा वाढलेला असू शकतो.

६. डाळ, मटकी, शेंगदाणे, अंडी, सुकट यांतले जे परवडेल ते रोज द्या. जखम भरायला प्रथिने लागतात.

दिवसरात्रीत हे बारा वेळा कूस बदलणे होते. ते एकट्या बायकोने किंवा आईनेच का करायचे? गिरणीत पाळ्या असत, तशा घरात पाळ्या लावा. भाऊ, मुलगा, मेहुणा सगळ्यांची नावे त्यात येऊ द्या. तथागतांनी जुलाबाने मळात पडलेल्या भिक्खूला स्वतःच्या हातांनी धुतले होते. तो आमच्या काही उपयोगाचा नाही, म्हणून इतर भिक्खूंनी त्याला टाकले होते. अपंग माणसाला घरोघर हेच ऐकावे लागते, आणि जखमेइतकेच तेही त्याला पोखरते. त्याला घराचा हिशेब द्या, मुलांचा अभ्यास घेऊ द्या, सभेला घेऊन या.

हक्कही माहीत हवेत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याचे कलम २५ सांगते की उत्पन्नाच्या मर्यादेत जवळपास मोफत उपचार मिळावेत, सरकारी व खाजगी रुग्णालयांत अडथळ्याविना जाता यावे आणि दिव्यांगाला आधी तपासावे. तरी आम्ही एका बांधवाला दाखल्यासाठी नेले, तेव्हा त्याला उचलून दोन जिने चढवावे लागले आणि वर 'पुढच्या आठवड्यात या' ऐकावे लागले. अशा वेळी कलमाचा उल्लेख करून लेखी अर्ज द्यावा व पोच घ्यावी. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची आहे. ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत जाऊन त्याचा हिशेब मागा.

बांधवांनो, भगिनींनो, कूस बदलायला पैसा लागत नाही. चिघळलेल्या जखमेवर मात्र घरातले किडूकमिडूकही विकावे लागते. तुमच्या गल्लीत असे घर असेल तर या आठवड्यात तिथे जा आणि रात्रीची एक पाळी मागून घ्या.