एक नोंद, अनेक बदल

औसा तालुक्याची १९५५ मधली एक नोंद आपण करू या. तेव्हा औसा हैदराबाद राज्यात, उस्मानाबाद जिल्ह्यात होते. जावास्क्रिप्ट या संगणकभाषेत अशा नोंदीला 'ऑब्जेक्ट' म्हणतात आणि तिच्यातल्या प्रत्येक रकान्याला गुणधर्म. महिरपी कंसात सगळे गुणधर्म एकदमच लिहिता येतात:

औसा = { वर्ष: '१९५५', जिल्हा: 'उस्मानाबाद', राज्य: 'हैदराबाद', गावे: ['किल्लारी'] };

पुढे १९५६ मध्ये हा भाग मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाले आणि १९८२ मध्ये लातूर हा वेगळा जिल्हा झाला. १९८२ ची नोंद कशी करायची? सरळ मार्ग असा:

औसा.वर्ष = '१९८२';
औसा.जिल्हा = 'लातूर';
औसा.राज्य = 'महाराष्ट्र';

तीन ओळींत 'औसा' तीनदा आले. रकाने वीस असतील तर ते वीसदा लिहावे लागेल आणि चुकीला तितक्याच जागा मिळतील. म्हणून २०१५ च्या आवृत्तीपासून भाषेतच एक सोय आहे:

ऑब्जेक्ट.असाइन(औसा, { वर्ष: '१९८२', जिल्हा: 'लातूर', राज्य: 'महाराष्ट्र' });

('ऑब्जेक्ट.असाइन' हे शब्द संगणकावर रोमन लिपीतच टंकावे लागतात. आपण दिलेली नावे मात्र देवनागरीत चालतात.)

लिहिणे कमी झाले, पण १९५५ ची नोंद मात्र पुसली गेली. वर दिलेल्या दोन्ही रीती जुन्याच ऑब्जेक्टवर खाडाखोड करतात. इतिहास जपायचा असेल तर नवी नोंद हवी. त्यासाठी २०१८ पासून तीन टिंबांची रीत आहे:

नवी = { ...औसा, वर्ष: '१९८२', जिल्हा: 'लातूर', राज्य: 'महाराष्ट्र' };

टिंबे जुनी नोंद उतरवून घेतात आणि त्यानंतर लिहिलेले गुणधर्म जुन्या किमतींवर बसतात. जुनी नोंद जागच्या जागी राहते. येथे क्रमाला महत्त्व आहे. '...औसा' शेवटी लिहिले तर जुन्या किमतीच पुन्हा वर येतील आणि लातूरच्या जागी उस्मानाबाद दिसेल. संगणक मात्र कुठलीही चूक दाखवणार नाही.

आणखी एक सावधगिरी. ही नक्कल वरवरची असते. 'गावे' ही यादी दोन्ही नोंदींत एकच राहते. 'नवी'मधल्या यादीत एखादे गाव घातले की ते १९५५ च्या नोंदीतही उमटते. यादीचीही वेगळी नक्कल हवी असेल तर नवी नोंद लिहितानाच तिच्यात 'गावे: [...औसा.गावे]' असे घालावे.

थोडक्यात, कमी अक्षरांत लिहिणे हा फायदा आहेच, पण रीत निवडण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारावा: जुनी नोंद बदलायची आहे, की तिच्या शेजारी नवी ठेवायची आहे?

करून पाहा : आपल्या गावाच्या अशा दोन नोंदी तयार करा. दुसरीच्या यादीत एक नाव वाढवा आणि पहिलीत काय झाले ते तपासा.